एनडीएची तयारी करणाऱ्यांच्या आईबाबांनी पण बसावं असे चार रविवार

मुलीची एनडीएची, म्हणजे सैन्याच्या नॅशनल डिफेन्स अकॅडमीच्या प्रवेशाची तयारी चालू आहे, त्यासाठी नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका डिफेन्स क्लासची चार रविवारची लेक्चर सिरीज लावली होती, जगातल्या मिलिटरी अकॅडम्यांवर. पालकांना बसू देतात म्हणून मी पण बसले. खरं सांगायचं तर तीन रविवार ठीक होते, पण थायलंडचा रविवार मात्र अजून डोक्यातून जात नाहीये.

शिकवणारे रिटायर्ड कर्नल सर, तोपखान्यातले, देवळालीलाच राहतात. त्यांनी सुरुवात केली थायलंडचा राजा चुलालाँगकॉर्न याच्यापासून. हा राजा 1872 मध्ये भारतात येऊन गेला, मुंबईसुद्धा बघून गेला, इंग्रजांचा कारभार कसा चालतो ते स्वतः पाहिलं आणि मग 1887 मध्ये बँकॉकला मिलिटरी स्कूल काढलं. आजूबाजूला ब्रह्मदेश इंग्रजांनी घेतलेला, व्हिएतनाम फ्रेंचांनी, 1893 ला तर फ्रेंच गनबोटी थेट बँकॉकपर्यंत आल्या, म्हणजे अधिकारी शिकवणं हा हौसेचा विषयच नव्हता, राज्य टिकवायचं होतं. राजाने स्वतःची मुलं पण बाहेर शिकायला पाठवली, एक इंग्लंडच्या सँडहर्स्ट अकॅडमीत, एक रशियात, एक जर्मनीत. सरांनी इथे थांबून पोरांना विचारलं की एकाच देशात सगळ्यांना का नाही पाठवलं, आणि तब्बल दहा मिनिटं त्यावर चर्चा झाली, मला हे फार आवडलं, नुसत्या नोट्स उतरवून घेत नाहीत.

मग 1932. जर्मनीत शिकलेले फ्राया फाहोन, फ्रान्समध्ये तोपखान्याचं शिक्षण घेतलेले फिबुन, असेच अधिकारी पुढे आले आणि नंतरच्या राजाची अनियंत्रित सत्ता संपली. शिकलेला अधिकारी फक्त कवायत शिकून येत नाही, तिकडचे विचार पण घेऊन येतो, हे सर इतक्या तळमळीने सांगत होते की हॉलमध्ये कोणी हललं नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथला अभ्यासक्रम अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट अकॅडमीच्या धर्तीवर झाला, आर्मी, नेव्ही, एअर फोर्स आणि पोलीस चौघांचे कॅडेट आधी 1958 ला सुरू झालेल्या एकाच प्रिपरेटरी स्कूलमध्ये शिकतात, मग आपापल्या अकॅडमीत जातात. आपल्याकडे खडकवासल्याच्या एनडीएत तिन्ही दलं एकत्र असतात पण पोलीस नाहीत, हा फरक मला माहितच नव्हता. आर्मीची अकॅडमी 1986 ला बँकॉकच्या गर्दीतून नाखोन नायोक प्रांतात गेली. आणि राजकन्या सिरिंधोर्न तिथे 1980 पासून कितीतरी वर्षं कॅडेटना इतिहास शिकवत होत्या, हे ऐकून आमची लेक एकदम सरळ होऊन बसली, तिला इतिहास म्हणजे पाठांतर वाटायचं, आता घरी आल्यावर स्वतःहून नकाशा काढून बसते.

आता तक्रारी. 600 रुपये घेता तर निदान एका पानाचं हॅन्डआउट द्या ना, थाई नावं ऐकून लिहिताना पोरांची पार दमछाक होते. माईक खरखरतो, मागे बसलात तर अर्धं कळणार नाही. वेळ अकरा ते एक सांगतात पण सर दोनपर्यंत बोलतात, डबा सोबत न्या. एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या निवड मुलाखतीच्या टिप्स हव्या असतील तर इथे नाही मिळणार, ते आधीच फोनवर स्पष्ट सांगतात हे बरं.

पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, आम्ही धाकट्याचं नाव देऊन ठेवलंय.