पवनीची सायंफेरी: वाटाड्या चांगला, क्रम उलटा

भंडारा जिल्ह्यातल्या पवनीत वाटाड्या घेऊन जुन्या गावाची सायंफेरी करता येते. फेरी जरूर घ्यावी. फक्त तिचा ठरलेला क्रम मान्य करू नये. जवाहर गेटपाशी जमायचं, परकोट म्हणजे गावाभोवतीचा तट पाहायचा, गल्ल्यांतून देवळं करत वैनगंगेच्या घाटावर उतरायचं आणि शेवटी गावाबाहेरची जगन्नाथ टेकडी, असा बेत असतो. हिवाळ्यात टेकडी येईस्तोवर अंधार पडतो आणि पवनीतली सगळ्यात मोलाची जागा मोबाइलच्या टॉर्चवर उरकली जाते.

म्हणून वाटाड्याला आधीच सांगा: टेकडी पहिली. डिसेंबरात इथे साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो, म्हणजे साडेतीनला टेकडीवर पोचलेलं बरं. मे महिन्यात सूर्य पावणेसातपर्यंत असतो, तेव्हा पाचला निघालं तरी चालतं, पण दगड तोवर तापलेलेच असतात.

टेकडीवर सांचीसारखा घुमट शोधणारे निराश होतात. दिसतो तो मातीचा उंचवटा आणि त्यावरचं देऊळ. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी 1969-70 मध्ये इथे खोदकाम केलं, तेव्हा 40 मीटरच्या आसपास व्यासाचा बौद्ध स्तूप उजेडात आला. भोवतीच्या कठड्याच्या खांबांवर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांचे लेख आहेत. म्हणजे हे काम एकट्या राजाच्या खजिन्यातून झालेलं नाही, माणसांनी आपापल्या परीने त्याला हातभार लावला. वाटाड्याने हे नुसतं तोंडी सांगून भागत नाही. मोकळ्या जागेत एक माणूस उभा करावा आणि त्याच्यापासून सत्तावीस-अठ्ठावीस पावलं सरळ चालायला लावावं. ती झाली स्तूपाची अर्धी रुंदी. पोरंसोरं बरोबर असतील तर हे एवढं केलं तरी आकार त्यांच्या डोक्यात पक्का बसतो.

परकोटावर मात्र वाटाड्याची खरी परीक्षा होते. गावाला तीन बाजूंनी तट आणि चौथ्या बाजूला नदी. 'हा भोसल्यांचा किल्ला' असं एका वाक्यात आटोपणारा वाटाड्या अर्धीच गोष्ट सांगतो. तटाचा गाभा मातीचा आणि फार जुना आहे, दगडी काम नंतरच्या काळात त्यावर चढलं. जिथे दगड ढासळलेत तिथे थांबायला सांगा. आतला मातीचा बांध उघडा दिसतो, आणि दोन काळांमधला सांधा बोटाने दाखवता येतो. पडझडीचं कारणही तिथेच कळतं. पिंपळ-उंबराची मुळं सांध्यांत शिरतात, त्या फटींतून पावसाचं पाणी आत जातं, आतली माती फुगते आणि बाहेरचा दगड ढकलला जातो. अशा कडेला उभं राहून फोटो काढू नये, वरून धड वाटणारा दगड आतून पोकळ असू शकतो. तटावर झुडपं आणि बाभळीचे काटे असतात, तेव्हा चप्पल नको, बंद बूट हवेत. पावसाळ्यात आणि नंतरचा महिनाभर तटावर चढूच नये. गवतात साप असतात आणि ओली माती पायाखालून सटकते.

गावातल्या देवळांसाठी वेळ पुरत नाही, ही आमची दुसरी तक्रार. पवनीला लोक विदर्भाची काशी म्हणतात ते इथल्या देवळांमुळे. सगळीच दाखवायच्या हट्टापायी प्रत्येक ठिकाणी दोन मिनिटं मिळतात. त्यापेक्षा दोनच निवडावीत: पंचमुखी गणपती आणि घाटाजवळचं वैजेश्वर. विदर्भाच्या अष्टविनायकांत मोजला जाणारा हा गणपती एका बाजूने पाहून निघू नका. तोंडं वेगवेगळ्या दिशांना आहेत, सभोवार फिरल्याशिवाय मूर्ती कळत नाही. आरतीची वेळ असेल तर वाटाड्याने बोलणं थांबवावं. आमच्या फेरीत त्याने ते न सांगता केलं, हे फार आवडलं.

फेरीचा शेवट घाटावर व्हावा. पवनी नदीच्या पश्चिम काठावर आहे, त्यामुळे सूर्य गावामागे बुडतो. पायऱ्या लवकर सावलीत जातात आणि पलीकडचा काठ थोडा वेळ पिवळा उजळून राहतो. पाण्यावर सूर्यास्ताचा फोटो मिळेल म्हणून येणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. सूर्य पाण्यावर हवा असेल तर पहाटे यावं लागेल.

खालच्या बाजूला गोसीखुर्द धरण आहे. त्याचं पाणी मागे पसरलं की खालच्या पायऱ्या बुडतात, आणि पाणी उतरलं की त्यांच्यावर शेवाळ उरतं. ओल्या रेषेच्या वर दोन पायऱ्या सोडूनच बसावं. वाटाड्या म्हाताऱ्या माणसांना पाण्यापर्यंत नेत असेल तर स्पष्ट नाही म्हणा. पाणी पिऊ नये, अंघोळही टाळावी. नागपूरच्या नाग नदीचं सांडपाणी याच पाण्यात येतं.

दहाच्या वर माणसं असतील तर गल्लीत मागच्यांना काही ऐकू येत नाही, दोन गट करावेत. पैसे माणशी की गटाचे, हे निघण्याआधी ठरवावं. वाटाड्या झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या जंगलपट्ट्याचा असेल तर त्याला त्याच्या बोलीतच बोलू द्यावं, शुद्ध बोलायच्या नादात चांगला माणूस अडखळतो. एसटीने आलेल्यांनी नागपूर, भंडाऱ्याकडे जाणाऱ्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्याबरोबर स्टँडवर विचारून घ्यावी, आणि घाटावरून निघायला तिच्याआधी तासभर हातात ठेवावा.