बोलणारा नकाशा : राजारामपुरीत पास, महाद्वार रोडला एटीकेटी

वय 71, निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, मूळची चिपळूणची. लेकीकडे कोल्हापुरात राहायला आले तेव्हा तिनं फोनमध्ये मराठीतून वाट सांगणारा नकाशा चालू करून दिला. हा अभिप्राय पायी फिरणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांसाठी. गाडीवाल्यांचं गाडीवाले बघतील.

राजारामपुरीत नकाशा छान चालतो. पण तिथं त्याची गरज आहेच कुठं? गल्ल्यांना नंबर आहेत. सहावीला जायचंय आणि पाचवीनंतर चौथी आली, की मुकाट मागं फिरायचं.

खरी परीक्षा महाद्वार रोडला. "आग्नेयेकडे चाला," असं फोनमधली बाई सांगते. भर दुपारी, गर्दीत, आग्नेय कुठून शोधू? उपग्रहाचा सिग्नल दाटीतल्या भिंतींवर आपटून येतो, त्यामुळे आपला निळा ठिपका मधेच शेजारच्या बोळात उडी मारतो. आपण जरा वळलो की अख्खा नकाशा गर्रकन फिरतो. अनोळखी जागेचा आराखडा मनात मांडायला मेंदूतला हिप्पोकॅम्पस लागतो आणि वयानुसार तोच मंदावतो. एकामागून एक खुणा धरत जाणं त्यामानानं जमतं. ही बाई मात्र मीटर मोजत बसते.

खासबागेची वाट पानपट्टीवाल्याला विचारली. "मावशी, सरळ जावा, बिनखांबी गणपती लागंल, फुडं मिरजकर तिकटी. तिथं पोचलासा की कुणालाबी इचारा." झालं! दोन खुणा, आणि पुढची चौकशी कुठं करायची तेही.

आता मी नकाशा घरीच बघते. रस्त्याचे फोटो दिसतात ते आधी पाहून घेते, खुणा चिठ्ठीवर लिहिते. उत्तर दिशा कायम वर राहील अशी सोय सेटिंगमध्ये आहे, ती करून घ्या, गरगरणं थांबतं. अंबाबाईच्या देवळापाशी दिशा चुकायचं कारण नाही. देवी पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून तर किरणोत्सवात मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं. महाद्वारातून बाहेर पडताना समोर पश्चिम, उजव्या हाताला उत्तर.

पाचपैकी तीन तारे. एक कापला खुणा न सांगण्याबद्दल. दुसरा बारीक अक्षराबद्दल: बोटांनी नकाशा कितीही मोठा करा, रस्त्यांची नावं मुंगीएवढीच राहतात.