टेली-मानस, १४४१६: आमच्या घरचा अनुभव

लेक आठवीत. जुलैपासून सकाळी पावणेसातला, बस यायच्या वेळी, तिचं पोट दुखायचं. बुटाची नाडी बांधायची, सोडायची, परत बांधायची. रविवारी काही नाही. सोनोग्राफी झाली, नॉर्मल. सासूबाईंनी ओवा दिला, दृष्टही काढली. एका रात्री तिची हिंदीची वही चाळली, तर रबरनं घासून घासून पानाला भोक पडलेलं. एकच शब्द किती वेळा खोडला होता! माझ्या पोटात गोळाच आला.

साडेअकरा वाजले होते. ह्यांना न उठवता गॅलरीत जाऊन १४४१६ लावला. टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे आणि चोवीस तास चालते, म्हणून अशा वेळी लावता आला. आम्हा इंदूरकरांची बाहेरची भाषा हिंदी, तशीच सुरुवात केली. रडू आलं तशी मराठी यायला लागली. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "आराम से बोलिए," आणि खरंच थांबल्या.

झोप, जेवण, मैत्रिणी, सगळं विचारलं. मग विचारलं, "कोणत्या वारी जास्त दुखतं?" हे मी कधी बघितलंच नव्हतं. मंगळवार आणि शुक्रवार! जीव नकोसा झालाय असं ती कधी बोलली का, हेही त्यांनी सरळ विचारलं. मी घाबरले. त्यांनी समजावलं की असं विचारल्यानं मुलांच्या डोक्यात तो विचार शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते.

समोर बसवून उलटतपासणी घेऊ नका, काम करता करता बोला, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी गवार मोडताना लेक आपणहून बोलली. मंगळवारी-शुक्रवारी वर्गात उभं करून मोठ्यानं वाचायला लावतात, अडखळली की मागच्या बाकावरून हसतात.

फोनवरून तपासणी होत नाही, शाळेशीही ते बोलत नाहीत. ती धावपळ आपलीच. आम्ही तपासणी करून घेतली, डिस्लेक्सिया, म्हणजे वाचता-लिहिताना येणारी अडचण, निघाला. शाळेचं पहिलं उत्तर होतं, "लाड कमी करा, सराव वाढवा." अहो, सराव करूनच तर पानाला भोक पडलं होतं! २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचण स्पष्ट धरली आहे, आणि सरकारी प्रमाणपत्र असेल तर सीबीएसई बोर्डाच्या परीक्षेत तासामागे वीस मिनिटं जास्त देतं. हे सगळं कागदावर लिहून नेलं, तेव्हा कुठे तिला न विचारता वाचायला उभं करणं थांबलं.

पोट अजून कधीकधी दुखतं. पण शाळा बुडत नाही.

ज्यांच्या घरी असं काही चाललंय त्यांनी माझ्यासारखे तीन महिने घालवू नका. जिवालाच धोका वाटत असेल तर मात्र थेट दवाखाना गाठा.

नंबर फ्रिजवर लावून ठेवलाय. मागच्या आठवड्यात लेकीनं तो स्वतःच लावला, खोलीचं दार ओढून घेऊन. काय बोलली, मी विचारलं नाही.