खटला की सत्यशोधन आयोग?

दर 17 सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, गावात झेंडावंदन झाले की पारावर निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या आठवणी निघतात; मात्र "त्यांना शिक्षा झाली का?" असे नातवंडांनी विचारले की म्हातारी माणसे पानाला चुना लावत बसतात. रझाकारांचा म्होरक्या, लातूरचा वकील कासीम रझवी तुरुंगात गेला खरा, पण 1957 मध्ये सुटून पाकिस्तानात निघून गेला, आणि हैदराबाद संस्थान भारतात आणणाऱ्या 1948 च्या पोलीस कारवाईनंतर मुस्लिमांवर झालेले अत्याचार नोंदवणारा सुंदरलाल समितीचा अहवाल कित्येक दशके बासनातच राहिला.

अशा अत्याचारांचा हिशेब खटल्याने मागावा की सत्यशोधन आयोगाने, हा प्रश्न इतर देशांनाही पडला. हुकूमशाही कोसळल्यावर अर्जेंटिनाने खटल्याची वाट धरली. 1985 मध्ये 9 माजी लष्करशहा नागरी न्यायालयापुढे उभे राहिले. त्यांपैकी 4 पुराव्याअभावी सुटले, तर त्यांच्यातला प्रमुख विदेला याला झालेली जन्मठेप 1990 मध्ये माफ झाली, ती माफी पुढे रद्द झाली आणि 2013 मध्ये तो कैदेतच मरण पावला.

चिलीत हुकूमशहा पिनोशे सत्ता सोडूनही 1998 पर्यंत लष्करप्रमुखपदी होता, त्यामुळे 1990 मध्ये तेथे खटल्याऐवजी सत्यशोधन आयोग नेमला गेला. आयोगाने 2,000 हून अधिक बळींची नोंद केली, कुटुंबांना पुढे निवृत्तिवेतनही मिळाले; मात्र अहवालात मारेकऱ्यांची नावे नव्हती.

मला खटला अधिक पटतो; मात्र अर्जेंटिनातील तो खटलाही आधी नेमलेल्या आयोगाने जमवलेल्या साक्षींच्या आधारेच उभा राहू शकला होता. आपल्याकडे जी नोंद झाली, तीही वेळेवर लोकांपुढे आली नाही.