पहिल्या प्रेमाचे दोन चित्रपट: आधी ‘शाळा’ की ‘फॅन्ड्री’?

घरात आठवी-नववीतलं मूल आहे आणि त्याच्यासोबत बसून पहिल्या प्रेमावरचा चांगला मराठी चित्रपट बघायचा आहे, असं कुणी म्हणालं की दोन नावं हमखास निघतात. सुजय डहाकेचा ‘शाळा’ आणि नागराज मंजुळेचा ‘फॅन्ड्री’. दोघांचेही हे पूर्ण लांबीचे पहिलेच चित्रपट, दोन्हींना राष्ट्रीय पुरस्कार, आणि दोन्हीकडे वर्गातल्या एका मुलीत जीव अडकलेला मुलगा. साम्य साधारण इथवरच.

‘शाळा’ जानेवारी 2012 मध्ये प्रदर्शित झाला. मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवर बेतलेला, काळ आणीबाणीचा. नववीतल्या मुकुंद जोशीला शिरोडकर आवडते. तिच्याशी बोलायला मिळावं म्हणून त्याची चाललेली धडपड, मित्रांची टिंगल, त्यातल्याच सूर्याचं केवडा नावाच्या मुलीवरचं धसमुसळं प्रेम, हे सगळं फार खरं उतरलंय. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर यांच्या नुसत्या बघण्यातून प्रसंग उभे राहतात. मुकुंदच्या वाट्याला समंजस वडील आलेत (नंदू माधव) आणि प्रेमाबद्दल मोकळेपणी बोलणारा नरूमामाही (जितेंद्र जोशी). कादंबरी वाचली असेल तर मात्र मुकुंदचं स्वतःशी चाललेलं बोलणं पडद्यावर कमी पडल्यासारखं वाटेल. मला वाटलं.

‘फॅन्ड्री’ 14 फेब्रुवारी 2014 ला आला. ही तारीख लक्षात घेऊन गोड प्रेमकथा बघायला बसू नका. कैकाडी भाषेत फॅन्ड्री म्हणजे डुक्कर. गावातली डुकरं पकडायचं काम जब्याच्या घराकडे आहे आणि बहिणीच्या लग्नासाठी बापाला पैसे हवेत. जब्याला शालू आवडते. ती वरच्या जातीतली. काळ्या चिमणीची राख तिच्यावर टाकली की ती वश होईल, या आशेवर तो गलोल घेऊन रानोमाळ हिंडतो. संपूर्ण चित्रपटात दोघांचं धड बोलणंही होत नाही. शिरोडकरने आपल्याकडे बघावं म्हणून मुकुंद झुरतो. जब्याही शालूसाठी झुरतो, पण घरचं काम करताना तिने आपल्याला बघू नये म्हणून त्याला लपावं लागतं. दोन्ही चित्रपटांतला सगळा फरक माझ्या मते इथे आहे.

शेवटाकडची डुक्कर पकडण्याची लांबलचक धावपळ बघताना जीव गुदमरतो. आख्खं गाव मजा बघायला गोळा होतं. मध्येच शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं, सगळं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं आणि हाताशी आलेलं डुक्कर निसटतं. किशोर कदमचा कचरू माने, म्हणजे जब्याचा बाप, इथे इतका हतबल दिसतो, की त्याचा राग येतो आणि लगेच त्या रागाची लाजही वाटते. सोमनाथ अवघडेला जब्याच्या भूमिकेसाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो अगदी योग्य होता.

मग निवडायचं काय? एकटे बघणार असाल आणि एकच संध्याकाळ हाताशी असेल, तर बिनदिक्कत ‘फॅन्ड्री’. मराठीत त्याच्या तोडीचे चित्रपट थोडे आहेत. तेरा-चौदा वर्षांचं मूल सोबत असेल तर आधी ‘शाळा’. त्यातलं प्रेम त्याच्या ओळखीचं असेल, घरात त्यावर गप्पाही होतील. पण तिथे थांबू नका. फार दिवस न जाऊ देता ‘फॅन्ड्री’ही दाखवा. मुकुंदला जे न मागता मिळालं होतं, म्हणजे बोलायला घरची माणसं, अभ्यासाला वेळ, गावात मान वर करून फिरणं, ते जब्याकडे बघताना मुलाच्या आपोआप ध्यानात येईल. ‘फॅन्ड्री’त जातीवरून केलेली हेटाळणी आहे, बापाची मारहाण आहे. त्यामुळे मुलाला एकट्याने बघायला लावू नका, शेजारी बसा.

आणि ‘फॅन्ड्री’ बघताना अजय-अतुलच्या गाण्याची वाट बघत बसू नका. ते प्रसिद्धीसाठी केलेलं होतं, चित्रपटात ते नाही.