झडपेचा स्पेसर: कॅज्युअल्टीत नेब्युलायझरच्या जागी कितपत चालतो

दम्याचा पेशंट धापा टाकत आला की बहुतेक कॅज्युअल्टीत हात आधी नेब्युलायझरकडे जातो. नातेवाईकही "मशीनची वाफ द्या" असंच सांगत येतात. पण काही शे रुपयांत मिळणारी झडपेची नळी, म्हणजेच स्पेसर, आणि श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या सालब्युटामॉलचा पंप एवढ्यावर सौम्य ते मध्यम झटका तितकाच चांगला आटोक्यात येतो. दोन अटी मात्र आहेत: स्पेसर नीट धुतलेला हवा, आणि पेशंट तो कसा ओढतो हे कुणीतरी समोर उभं राहून पाहिलेलं हवं. स्पेसर "चालला नाही" अशा तक्रारीमागे बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक गोष्ट राहिलेली असते.

आधी पुराव्याचं. नेब्युलायझर आणि स्पेसर यांची तुलना करणाऱ्या चाचण्या कोक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात एकत्र पाहिल्या, तेव्हा दाखल करावं लागण्याच्या प्रमाणात स्पेसर मागे पडला नाही. मुलांचा कॅज्युअल्टीतला वेळ तर सरासरी सुमारे अर्ध्या तासाने कमी झाला आणि नाडीही कमी धावली. जिवावर बेतलेला झटका या तुलनेत नव्हता, हे विसरू नये. पेशंट ग्लानीत असेल, छातीत आवाजच ऐकू येत नसेल, एकेक शब्दही बोलता येत नसेल, तर स्पेसर बाजूला ठेवावा आणि ऑक्सिजनवर चालणारं नेब्युलायझेशन लगेच सुरू करावं. सोबत इप्राट्रोपियम हे श्वासनळ्या मोकळ्या करणारं दुसरं औषध द्यावं आणि आयसीयूला कळवावं.

विकत घेताना झडप बघा. तोंडाच्या टोकाशी सिलिकॉनची पातळ चकती असते. श्वास घेताना ती उघडते आणि सोडताना मिटते, त्यामुळे सोडलेला श्वास नळीत परत जात नाही. नळी पारदर्शक घ्या, म्हणजे चकती हलताना दिसते. लहान मुलाच्या श्वासाने ती हलत नसेल तर मास्क नीट बसलेला नाही, एवढं त्यावरून लगेच कळतं. दुसरं टोक रबराचं. त्यात पंपाचं तोंड घट्ट बसलं पाहिजे. वेगवेगळ्या कंपन्यांच्या पंपांची तोंडं सारखी नसतात, म्हणून आपल्या फार्मसीत येणारा पंप दुकानातच लावून पाहा. सैल बसला तर पफ मारताच मागून पांढरा फवारा निसटताना दिसतो, आणि तेवढं औषध वाया गेलेलं असतं. दोन तुकडे जोडून होणाऱ्या मोठ्या स्पेसरचा सांधाही असाच तपासावा. आकारात लहान स्पेसर साधारण 150 ते 300 मिलीचे, मोठे 750 मिलीचे. कॅज्युअल्टीच्या ट्रेमध्ये आणि आईच्या पिशवीत लहानच सोयीचे, आमची पसंती त्यांनाच.

सगळ्यात जास्त चूक होते ती धुण्यात. साध्या प्लॅस्टिकवर स्थिर वीज साठते आणि औषधाचे कण फुप्फुसात जायच्या आधी भिंतीलाच चिकटतात. खोक्यातून काढलेला कोरा स्पेसर म्हणूनच पहिल्याच वेळी दगा देतो. कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब टाकून त्यात सगळे भाग बुडवावेत आणि निथळत ठेवून हवेवर वाळवावेत. फडक्याने आतून पुसू नये, कारण पुसल्याने घासून पुन्हा वीज तयार होते. घरी महिन्यातून एकदा धुणं पुरतं. धुवायला वेळच नसेल तर किमान 20 पफ आत मारून भिंतींवर थर द्यावा लागतो, म्हणजे 200 पफांच्या पंपाचा दहावा भाग त्यातच संपतो. त्यापेक्षा सिस्टरांनी रात्रपाळीत चार-पाच स्पेसर धुवून, वाळवून, तारीख घालून ठेवलेले बरे. ॲण्टिस्टॅटिक म्हणून विकल्या जाणाऱ्या स्पेसरला ही अडचण फार नाही. किंमत थोडी जास्त पडते, पण कॅज्युअल्टीसाठी तेच घ्यावेत.

एक स्पेसर एकाच पेशंटला, हा नियम मोडू नये. झटका ओसरल्यावर तोच धुवून पेशंटसोबत घरी द्यावा. ज्यावर निर्जंतुक करून पुन्हा वापरण्याची सूचना छापलेली नाही, तो ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात टाकला तर वाकतो आणि झडप सुरकुतते.

आता वापर. टोपण काढून पंप हलवायचा, पंपाच्या तोंडात काही अडकलं नाही ना ते बघायचं, रबरात बसवायचा. स्पेसरच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटून एकच पफ मारायचा. सावकाश खोल श्वास, मग 10 सेकंद रोखणं. धाप असेल तर रोखायला सांगू नये, नेहमीचे 5-6 श्वास स्पेसरमधूनच घेऊ द्यावेत. काही स्पेसर जोरात ओढलं की शिट्टी वाजवतात. ती शाबासकी समजून पेशंट आणखी जोरात ओढतो, तेव्हा आधीच सांगून ठेवावं. पुढच्या पफाआधी पंप पुन्हा हलवायचा. लागोपाठ दोन-तीन पफ एकदम मारणं ही नेहमीची चूक. कण एकमेकांना चिकटून जड होतात आणि खाली बसतात. 3 वर्षांखालच्या मुलाला मास्क लागतोच. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर तो दाबून धरल्याने औषध फारसं आत जात नाही, आईच्या मांडीवर शांत करूनच द्यावं.

डोस 100 मायक्रोग्रॅमच्या पंपाचे: मोठ्यांना आणि 6 वर्षांवरील मुलांना 4 ते 10 पफ, त्याखालच्यांना 2 ते 6, पहिल्या तासात दर 20 मिनिटांनी. ऑक्सिजन लागला तर रक्तातलं त्याचं प्रमाण मोठ्यांत 93 ते 95 टक्के आणि मुलांत 94 ते 98 टक्के राखावं.

स्पेसर परवडत नसेल किंवा संपले असतील तर 500 मिलीची पाण्याची बाटली उपयोगी पडते. केपटाऊनमधल्या मुलांवर झालेल्या, 1999 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पंपाभोवतीची फट नीट बंद केलेल्या बाटलीने विकतच्या स्पेसरइतकाच फायदा दिला. फट उघडी राहिली तर फायदा घटला, आणि थर्माकोलचा पेला सर्वांत मागे राहिला. तारेचं कडं पंपाच्या तोंडाच्या मापाचं वाकवून, तापवून बाटलीच्या बुडाला भोक पाडायचं आणि कडेने चिकटपट्टी लावायची. प्राथमिक आरोग्य केंद्रात हे शिकवण्यासारखं आहे.

स्पेसर आला म्हणून काम संपत नाही. जीना (GINA) या दम्याच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं देणाऱ्या जागतिक संस्थेने 2019 पासून मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसतं सालब्युटामॉल देणं बंद करायला सांगितलंय, सोबत इनहेल्ड (श्वासातून घ्यायचं) स्टिरॉइड हवंच. तरी "पंपाची सवय लागते" या भीतीने घरी गेल्यावर स्टिरॉइडचाच पंप बंद होतो आणि सालब्युटामॉलचा निळा पंप चालू राहतो. निळ्यावर उरलेले पफ दाखवणारा काउंटर नसेल तर 200 पफांनंतरही फवारा येत राहतो, फक्त औषध नसतं. पाण्यात डबी तरंगते का पाहणं भरवशाचं नाही, पफांची नोंद ठेवावी.

सुधारणा मोजायची असेल तर एकच आकडा धरा: आठवड्याला 20 केस पेपर काढून त्यातल्या किती जणांची पद्धत प्रत्यक्ष पाहून लिहिली आहे. "समजावले" ही नोंद यात धरू नये. "पेशंटने करून दाखवले, चूक कोणती" असं लिहिलेलं असलं तरच धरावं. डिस्चार्ज कार्डावर स्टिरॉइडचा पंप, त्रास वाढला तर काय करायचं याची लेखी योजना आणि 2 ते 7 दिवसांत पुन्हा येण्याची तारीख हवी, मुलांसाठी 1-2 दिवसांतली. तपासणीला येताना पेशंटने स्पेसर सोबत आणावा, म्हणजे झडपेला भेग गेलीय का ते तिथेच दिसतं.