फ्लायव्हील बदलण्याआधी मोजून दाखवणारे गॅरेज

कुर्ला पश्चिमेला सीएसटी रोडलगतच्या एका लहानशा गॅरेजमध्ये मी नुकतेच माझ्या जुन्या पेट्रोल गाडीच्या क्लचचे काम करून घेतले. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना गाडी थरथरत असे आणि दुसऱ्या एका ठिकाणी गिअरबॉक्स उतरवून न पाहताच मला सांगण्यात आले होते की फ्लायव्हील, म्हणजे क्लच जिच्यावर पकडतो ती इंजिनाला जोडलेली जड चकती, नवीन टाकावे लागेल.

येथील मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवला, क्लच प्लेट व प्रेशर प्लेट काढली आणि मला लिफ्टखाली बोलावून बॅटरीच्या उजेडात फ्लायव्हील दाखवले. त्यावर निळसर डाग होते आणि केसासारख्या बारीक रेषा होत्या, पण नख फिरवले असता ते कुठेही अडकत नव्हते. फ्लायओव्हरच्या चढावर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवली की पृष्ठभाग तापतो, डागांच्या जागी धातू कडक होतो आणि क्लच सगळीकडे सारखा पकडत नाही, हे त्यांनी नीट समजावले. खोल भेग असती, विशेषतः बोल्टच्या छिद्रापर्यंत गेलेली, तर ते फ्लायव्हील बदलण्याखेरीज इलाज नव्हता.

मला सर्वांत भावली ती मोजण्याची पद्धत. क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, थोडी मागेपुढे हालचाल असतेच, त्यामुळे डायल गेज (बारीकसा फरकही दाखवणारे मापक) लावून फ्लायव्हील फिरवताना त्यांनी ते इंजिनाच्या दिशेने सतत दाबून धरले, कारण तसे न केल्यास चांगले फ्लायव्हीलही वाकडे भासते. रिंग गिअरचे, म्हणजे स्टार्टर ज्यात अडकून इंजिन फिरवतो त्या फ्लायव्हीलच्या कडेवरील कड्याचे, दातही त्यांनी पूर्ण फेरा फिरवून तपासले. चार सिलिंडरचे इंजिन बहुधा ठरावीक दोन जागीच थांबते, म्हणून दात तिथेच झिजतात, आणि तेवढ्यासाठी अनेकदा नुसता रिंग गिअर बदलला तरी भागते.

माझे फ्लायव्हील लेथवर फेसिंग केल्यानंतरही, म्हणजे पृष्ठभागाचा पातळ थर काढून सपाट केल्यानंतरही, कंपनीने दिलेल्या किमान जाडीपेक्षा जाड राहिले, म्हणून तेच पुन्हा बसवले. थरथर पूर्ण थांबली आहे. लेथचे काम बाहेरून करून घेतात, त्यामुळे गाडी मिळायला उशीर होतो, आणि मापे बिलावर मागितल्याशिवाय लिहीत नाहीत. इतके काटेकोर काम करणाऱ्यांनी ती आपणहून लिहायला हवीत.

अनेक डिझेल गाड्यांमध्ये असणारे, आत स्प्रिंग असलेले ड्युअल मास फ्लायव्हील मात्र येथे फेसिंग करत नाहीत. त्याच्या दोन भागांमधील खेळ (सैलपणा) मोजतात आणि तो मर्यादेबाहेर असेल तर नवीनच टाकायला सांगतात. तो भाग बराच महाग असतो, म्हणून तशी गाडी नेणाऱ्यांनी त्याची किंमत आधी विचारून ठेवावी.